बसलं की मातकट, उडालं की निळं

असिमीनाने लेन्सच्या काचेवर थुंकायला नको होतं, हे तिलाही पटलं, पण थुंकून झाल्यावर.

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. आनो पेत्रा गावात एखादी गोष्ट डोळ्यांत भरली की तिला दृष्ट लागू नये म्हणून तीनदा थुंकतात. बाळ गुटगुटीत दिसलं, थुंका. नवरी शोभून दिसली, थुंका. टोमॅटो चांगले लागले तरी थुंका. ही थुंकी अर्थात नावापुरती असते. ओठ पुढे काढून नुसतं 'फ्तू, फ्तू, फ्तू' म्हणायचं. असिमीनाचंही जन्मभर कोरडंच होतं. पण गेल्या हिवाळ्यात तिला नवी कवळी बसली आणि तेव्हापासून तिचं एकही 'फ्तू' कोरडं जात नव्हतं.

त्यात तिच्या नवऱ्याने, सारांतिसने, लेन्स नुकतीच पुसून स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभी ठेवलेली. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि ती बशीएवढी काच जांभळी-हिरवी चमकत होती. असिमीना कॉफीचं भांडं घेऊन आली, थबकली, "काय सुंदर दिसतेय आज!" म्हणाली आणि पुढचं सवयीने झालं.

"काच आहे ती!" सारांतिस ओरडला. "काच! कोणाचं बाळ नाही ते!"

"बाळ नाही? रोज रात्री दुलईत गुंडाळून ठेवतोस आणि म्हणे बाळ नाही." असिमीना ऐकून घेणारी नव्हती. "आणि काचेला दृष्ट लागत नाही वाटतं? अख्खं गाव तुझ्या कॅमेऱ्याच्या त्या तोफेकडे टक लावून बघतं. काल दृष्ट आहे का बघायला मी तिच्या नावाने पाण्यात तेलाचा थेंब सोडला. काय झालं माहितीये? थेंब राहिलाच नाही. पसरला. आणि मला अशा जांभया आल्या, अशा जांभया आल्या, की कवळी हातात आली. ही साधी दृष्ट नाही, सारांती. म्हणून तुला ते तुझं निळं फुलपाखरू मिळत नाही."

मऊ फडकं काढून सारांतिस काच पुसायला लागला. डाव्या हाताने. उजवा हात खांद्यातून नीट वर होत नव्हता.

सारांतिसने उमेदीची सगळी वर्षं कालाव्रिता ते पात्रा या रस्त्यावर बस चालवली. फुलपाखरांशी त्याची ओळख झाली ती बसच्या पुढच्या काचेवर. घाट उतरून खाली आलं की काचेवर दहा-वीस तरी चिकटलेली असायची, पिवळी, पांढरी, नारिंगी, सगळी मेलेली. ती पुसता पुसता त्याला वाईट वाटायचं, पण वेळापत्रक फुलपाखरांना विचारून केलेलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्याने कॅमेरा घेतला, मागून ही लांब टेलिफोटो लेन्स घेतली, आणि ठरवलं की आपण फुलपाखरांचे फोटो काढायचे ते उडतानाच. बसलेल्या फुलपाखराचा फोटो म्हणजे झोपलेल्या मांजराचा फोटो, त्यात कसली आलीय मर्दुमकी, असं त्याचं मत होतं. साखरपाणी ठेवून फुलपाखरं बोलावणाऱ्यांना तर तो दारातही उभं करत नसे.

उडतं फुलपाखरू असल्या लेन्समध्ये पकडणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. लेन्समधून दिसतं ते टीचभर. फुलपाखरू सरळ उडत नाही. दारू पिऊन घरी निघालेला माणूस बरा. तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून तो वळवेपर्यंत ते पलीकडच्या डोंगरावर गेलेलं असतं, म्हणून सगळं वजन हातावरच तोलायचं. उजवा डोळा कॅमेऱ्याला, डावा उघडा. डाव्याने शोधायचं, उजव्याने धरायचं. एवढं करून शंभरातल्या नव्वद फोटोंत नुसतं आभाळ येतं, आठांत अर्धा पंख, आणि उरलेल्या दोनांत फोकस फुलपाखराला सोडून मागच्या झुडपावर बसलेला असतो. झुडूप मात्र असं स्वच्छ येतं की पानं मोजावीत. असा फोटो दिसला की सारांतिसचा अंगठा विचारसुद्धा न करता तो पुसून टाकायचा.

तरीही हेल्मोस डोंगरावरची झाडून सगळी फुलपाखरं त्याने उडताना टिपली होती. एक सोडून.

हे एक अंगठ्याच्या नखाएवढं. जुलैत थोडेच दिवस दिसायचं, तेही वरच्या खडकाळ उतारावर. बसलं की लगेच पंख मिटायचं, आणि पंखांची खालची बाजू होती मातीच्या रंगाची. निळा रंग फक्त वरच्या बाजूला, आणि तो फक्त उडताना दिसायचा. इतक्या वर्षांत सारांतिसकडे त्याचे जे फोटो जमले होते ते सगळे मातकट. ते तो असिमीनाला दाखवायचा आणि म्हणायचा, "बसलं की मातकट, उडालं की निळं."

"हो का?" असिमीना म्हणायची.

"असलं निळं तू बघितलेलं नाहीस."

"म्हणजे कसलं? आभाळासारखं?"

"नाही."

"समुद्रासारखं?"

"छे! समुद्र त्याच्यापुढे काय?"

"मग मला मातकटच दिसतंय, सारांती. सांगून टाकते."

गुडघ्यांमुळे ती वर चढू शकत नव्हती आणि निळं काही खाली येत नव्हतं. हिला हे एकदा दाखवायचं, एवढा एकच ध्यास सारांतिसच्या मनात राहिला. बाकी कोणाला दाखवायचं नव्हतं. कोझमासच्या कॉफीहाउसात लोक त्याला हसत, ते चालायचं. पण ती "हो का?" म्हणाली की त्याला लागायचं.

आणि आता खांदा गेला होता. आतला स्नायू फाटला होता, येत्या गुरुवारी पात्राच्या इस्पितळात शस्त्रक्रिया होती. डॉक्टर तरुण होता, हसरा होता. त्याने सांगितलं, "त्यानंतर या हाताने खांद्याच्या वर उचलायचं ते जास्तीत जास्त कॉफीचा कप." सारांतिसने विचारलं, "आणि कॅमेरा?" डॉक्टरने विचारलं, "केवढा?" सारांतिसने हातांनी दाखवलं, आणि डॉक्टरचं हसू मावळलं.

परतीच्या बसमध्ये असिमीना त्याच्या शेजारी होती. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "म्हणजे तुला ते निळं आता कधी दिसायचं नाही."

मंगळवारी सकाळी, लेन्स थुंकून-पुसून झाल्यावर, असिमीनाने डब्यात टोमॅटो, चीज आणि पाव भरला, डोक्याला रुमाल बांधला आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

"तू कुठे?" सारांतिसने विचारलं.

"वर. तुला एकट्याला ती तोफ उचलायची नाही. कोझमासला सांगितलंय, तो गाडीने सोडेल."

"आणि गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. त्यांचं मी बघते." मग तिने झग्याच्या खिशातून लाल दोऱ्यात ओवलेला काचेचा निळा मणी काढला, मधोमध पांढरा डोळा काढलेला. असले मणी तिथे गाईच्या गळ्यात असतात, पाळण्याला असतात, ट्रकच्या आरशालाही असतात. हा तिच्या मुलाच्या पाळण्याचा होता. तिने तो लेन्सच्या तोंडाशी असलेल्या काळ्या नळीला घट्ट बांधला. "हा असेपर्यंत कोणाची नजर लागायची नाही."

"तो लोंबेल! खडखड वाजेल! फुलपाखरं पळतील!"

"एवढी वर्षं मणी नव्हता, तेव्हा कुठे मांडीवर येऊन बसत होती?"

वळणापलीकडे गेल्यावर मणी सोडून खिशात टाकायचा, असं त्याने मनाशी ठरवलं. पण गाडीत ती शेजारीच बसली, आणि वळणं संपली तरी तिने मण्यावरची नजर काढली नाही.

कोझमास म्हणजे कॉफीहाउसाचा मालक, जिभेला हाड नसलेला, पण मनाने चांगला. रस्ता संपेपर्यंत गाडी नेऊन त्याने असिमीनाला हाताला धरून उतरवलं आणि लेन्सकडे बघून, वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं 'बार्बा', 'कीरा' करत म्हणाला, "बार्बा सारांती, आता तोफेलाही पाळण्यात घालणार का? कीरा असिमीना, बारशाला बोलवा."

"तुला बोलावलं तर दृष्टच लागेल," असिमीना म्हणाली. "दुपारी ये न्यायला. आणि काही बघू नकोस, नुसती गाडी चालव."

उतारावर ऊन चढलं होतं. दगडांमधून रानटी थाइमचा ओव्यासारखा वास येत होता आणि गुलाबी फुलांच्या गवतावर माशा घोंघावत होत्या. असिमीना एका सपाट दगडावर बसली. सारांतिसने लेन्स गुडघ्यावर टेकवली आणि डोळे उताराला लावले. पहिलं निळं दिसलं तेव्हा तो ताठ झाला. लेन्स उचलली. खांद्यातून कळ गेली. ओठ चावून त्याने लेन्स डोळ्याला लावली, फुलपाखरामागे वळवली, आणि टक-टक-टक-टक असा आवाज आला.

"मिळालं?" असिमीनाने विचारलं.

"आभाळ मिळालं."

असंच चालू राहिलं. आभाळ, दगड, आभाळ, गवताचं पातं. दर खेपेला लेन्स थोडी उशिरा वर जात होती आणि लवकर खाली येत होती. असिमीना बघत होती. फुलपाखरं तिला नीट दिसत नव्हती, लांबून ती तिला कचऱ्यासारखी वाटत होती. ती बघत होती नवऱ्याच्या मानेवरची शीर. शेवटी तिने डबा उघडला. "खा. फुलपाखरंसुद्धा खायला बसली असतील."

त्याने लेन्स मांडीवर आडवी ठेवली आणि पाव हातात घेतला, पण खाल्ला नाही. "संपलं, असिमीना," तो म्हणाला. "आता हात वर जात नाही." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच वेळी ते आलं.

कुठून आलं कळलं नाही. लेन्सच्या तोंडाशी लोंबणाऱ्या मण्याभोवती ते घिरट्या घालायला लागलं. एकदा मण्याला धडकलं, मागे झालं, परत धडकलं. नर असावा. मणी त्याला जातभाई वाटला की नवरी वाटली, भांडायला आला होता की सोयरीक जुळवायला, देव जाणे. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं सारांतिसने ज्याच्या मागे घातली ते वीतभर अंतरावर होतं, आणि मांडीवरची ती एवढी मोठी लेन्स कुचकामी होती. लांबचं बघणाऱ्या लेन्सचं हेच असतं. चार पावलांच्या आतलं तिला काही दिसत नाही. चाळिशी लागलेल्या माणसासारखं.

असिमीना त्याच्या मागे होती, तिला काही दिसलं नाही. ती "काय झालं?" म्हणेपर्यंत ते गेलेलं होतं.

"मणी," सारांतिस कुजबुजला. "मण्याला आलं होतं."

"काय म्हणालास?"

"मण्याला! तुझ्या मण्याला!"

असिमीनाने आधी मण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि आयुष्यभर पुरेल असा चेहरा केला. पण बोलली एवढंच, "सोड मग तो. मी धरते लांब."

सारांतिस घुटमळला. "ते आमिष होईल. मी आमिष लावत नाही, सगळ्यांना माहितीये."

"आमिष? मी काय मध चोपडलाय त्याला? माझ्या पोराच्या पाळण्याचा मणी आहे. कोणाला यावंसं वाटलं तर येईल, नाही वाटलं तर राहील. देवळात मेणबत्ती लावतो ती काय देवाला आमिष म्हणून लावतो का?"

यात कुठेतरी खोट आहे असं सारांतिसला वाटलं, पण ती शोधायला वेळ नव्हता. त्याने दोरा सोडला. असिमीना दगड चाचपत सहा पावलं गेली, वळली, आणि हात लांब करून मणी पुढे धरला. सारांतिसने कोपर गुडघ्यावर टेकवलं, बसल्या बसल्या लेन्स डोळ्याला लावली, मण्यावर फोकस आणला आणि तिथेच पक्का केला. म्हणजे आता नेमकं तेवढंच अंतर स्वच्छ दिसणार, पुढचंमागचं सगळं पुसट.

"बायको, आता हलायचं नाही. एक बोट पुढे नाही, एक बोट मागे नाही."

"मी काय नाचणार आहे?"

"बोलायचं पण नाही."

हे जास्त कठीण होतं. ती उभी राहिली. गुडघे ठणकत होते, हात भरून आला होता, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता. समोर तो वाकडा बसलेला, दुखरा खांदा घेऊन, एक डोळा काचेत आणि एक उघडा. त्या उघड्या डोळ्याने तो तिच्याकडेच बघतोय असं तिला वाटलं, आणि लग्नाआधी चर्चच्या पायरीवर तो असाच चोरून बघायचा ते तिला आठवलं. तिला हसू आलं. पण ती हलली नाही.

आणि ते परत आलं.

उतारावरून वेडंवाकडं आलं, मण्याभोवती फिरलं, तिच्या बोटांवरून गेलं. असिमीनाच्या नाकासमोर त्याने पंख उघडले, मिटले, उघडले. तिने ते पाहिलं. ते आभाळासारखं नव्हतं. समुद्रासारखंही नव्हतं. समुद्र त्याच्यापुढे काय? तिचे डोळे भरले, आणि इतकी सुंदर गोष्ट बघून ती जन्मभर जे करत आली तेच तिने केलं. एक पाऊल पुढे टाकलं, मान पुढे काढली, ओठ पुढे काढले, आणि त्या एवढ्याशा जिवाला कोणाची दृष्ट लागू नये म्हणून, "फ्तू! फ्तू! फ्तू!"

टक-टक-टक-टक-टक, कॅमेरा वाजत राहिला.

मग निळं उडून गेलं. उडून गेलं की भिजून गेलं, कोणास ठाऊक. सारांतिसने लेन्स खाली ठेवली ती जवळजवळ पडूच दिली. असिमीना तोंडावर हात ठेवून उभी होती.

"मी हलले," ती म्हणाली.

"हललीस."

तो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघू लागला. ती लंगडत येऊन शेजारी बसली आणि खांद्यावरून डोकावली. फोकस जिथे पक्का केला होता तिथे आता मणी नव्हता, फुलपाखरूही नव्हतं. एक पाऊल पुढे आलेला असिमीनाचा चेहरा बरोबर तिथे होता. पापण्या मोजाव्यात इतका स्वच्छ. भरलेले डोळे, पुढे काढलेले ओठ, आणि उन्हात चमकणारा थुंकीचा एक थेंबसुद्धा. आणि तिच्यासमोर, सगळ्या फोटोंत, एक निळा धूसर ठिपका.

सारांतिसचा अंगठा पुसायच्या बटणावर गेला. फोकस मागे गेला की पुसायचं, ही इतक्या वर्षांची सवय. अंगठा तिथे टेकला आणि तिथेच राहिला.

"पुस," असिमीना रडवेली होऊन म्हणाली. "माझ्यामुळे गेलं तुझं. काय हे थोबाड माझं! पुस ना."

"तुला दिसलं?" सारांतिसने विचारलं.

"दिसलं."

"कसं आहे?"

ती बराच वेळ सांगायचा प्रयत्न करत होती. हात हलवले, तोंड उघडलं, मिटलं. शेवटी म्हणाली, "असलं मी बघितलेलं नाही, सारांती."

एवढं ऐकायला तो इतकी वर्षं डोंगर चढत होता. त्याने अंगठा उचलला, कॅमेरा बंद केला, आणि पाव मोडून अर्धा तिच्या हातात दिला.

गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. शनिवारी कोझमास द्राक्षं घेऊन इस्पितळात भेटायला आला तेव्हा सारांतिसचा हात छातीशी बांधलेला होता आणि पट्टीला निळा मणी टाचलेला होता. गोळ्यांमुळे त्याचे डोळे मिटत होते, पण कान जागे होते. असिमीना खोलीतल्या बाकीच्या दोन रोग्यांना आणि त्यांच्या बायकांना मोबाइलवर फोटो दाखवत होती. तिने तो कोझमाससमोरही धरला.

कोझमासने फोटो लांब धरला, जवळ धरला. "कीरा असिमीना, तुझा चेहरा झकास आलाय, दारावर लाव, चोर फिरकणार नाही. पण फुलपाखरू कुठेय?"

"हे काय, निळं."

"हा डाग?"

"डाग तुझ्या डोळ्यात! ते काय असं सहज दिसतं का? बसलं की मातकट, उडालं की निळं."

"हो का?" कोझमास म्हणाला.

सारांतिसने डोळे उघडले नाहीत, पण उशीवर त्याचं तोंड हसलं.

"हो का म्हणजे? मी बघितलंय! या नाकासमोर!" असिमीना आता उभी राहिली होती. "असलं निळं तू जन्मात बघितलेलं नाहीस. समुद्र त्याच्यापुढे काय? ये पुढच्या जुलैत, दाखवते तुला. आम्ही जाणार आहोत."

"जाणार? आणि ती तोफ कोण उचलणार? बार्बा सारांती आता कॉफीचा कप उचलेल फक्त."

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणाऱ्याला जग नावं ठेवतं. पण दुसऱ्याने खांदा आपणहून पुढे केला तर काय म्हणायचं, ते कोणी सांगून ठेवलेलं नाही. असिमीनाने एकदा पलंगाकडे पाहिलं, पांघरूण सारखं केलं, आणि हे सगळं आधीच ठरलेलं असल्यासारखी म्हणाली, "तोफ माझ्या खांद्यावर ठेवेल तो. माझे दोन्ही शाबूत आहेत. मणी तू धर. आणि लक्षात ठेव, कोझमा, हलायचं नाही."